साडूभाऊंचा गोळा

पृथ्वीच्या पोटात काय शिजतंय याची रोज काळजी वाहणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बाकीच्या वऱ्हाडाला वरच्या हातभर मातीची काळजी पुरून उरते. संत्र्याचा बहार गळेल का, तुरीवर अळी पडेल का, बोअरला पाणी लागेल का, यापेक्षा खोल आमच्याकडे सहसा कोणी जात नाही. साडूभाऊंची काळजी मात्र जमिनीखाली जवळजवळ तीन हजार किलोमीटरवर सुरू होते. तिथे वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे. खालची उष्णता त्याला वर ढकलते, वर येऊन निवलेलं लोखंड पुन्हा खाली बसतं, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही वर-खाली सरळ न होता पीळ पडून होते. त्या पिळातून पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं आणि सतत नव्याने तयार होत राहतं. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. साडूभाऊंनी सांगितलं, आणि तेही मी अचलपूरला मुलगी बघायला गेलो होतो त्या दिवशी.

मुलीच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून ते बैठकीत माझ्या समोरच्याच खुर्चीवर बसले होते. पोह्यांच्या बशा आल्या. मी पहिला घास घेतो न घेतो तोच त्यांनी शर्टाच्या खिशातून पितळेचं होकायंत्र काढलं, माझ्या बशीशेजारी ठेवलं आणि विचारलं, "मले सांगा, हे सुई उत्तरेकडंच काहून पाहते?" मी शिक्षण, दुकान, शेती आणि व्यसन एवढ्याच विषयांची तयारी करून आलो होतो. माझ्या मामांनी मला कोपराने ढोसलं, पण त्यांनाही उत्तर येत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "मालूम नाही." साडूभाऊ समाधानाने सासऱ्यांकडे वळले. "मामाजी, पोरगा खरं बोलते. देऊन टाका पोरगी." मग पोहे थंड होईपर्यंत त्यांनी वितळलेल्या लोखंडाची सगळी हकीकत मला ऐकवली. अशा रीतीने विज्ञानातलं घोर अज्ञान या एकाच गुणावर माझं लग्न ठरलं. त्या गडबडीत मुलीला कोणीच काही विचारलं नाही, असं माझी बायको आजही ऐकवते.

साडूभाऊ अकोल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहेत. माझं अमरावतीला राजकमल चौकाजवळ पंखे, कूलर आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे. म्हणजे उष्णता हा आम्हा दोघांच्याही पोटापाण्याचा विषय. फक्त ते तिच्या बाजूचे आणि मी विरुद्ध पक्षाचा. आम्ही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो. त्यांच्यापेक्षा मी पुष्कळ लहान, पण साडूपणात वय नसतं, सासरा एक असला की झालं, असं त्यांचं मत. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत जुन्या संगणकांची एक चळत आहे. काही कॉलेजने मोडीत काढलेले, काही बंद पडलेल्या शिकवणी वर्गांकडून उचललेले. एकमेकांना वायरींनी बांधलेले ते संगणक बघून वाटतं, की इथे कोणीतरी गुरं बांधून ठेवली आहेत. आणि या सगळ्यांच्या मिळून पोटात एक पृथ्वी आहे. खरी नव्हे, आकड्यांची. ती फिरते, तिच्यात आकड्यांचं लोखंड उसळतं, पिळतं, आणि त्यातून चुंबकत्व उभं राहतं की विझतं, हे साडूभाऊ पडद्यावर निळ्या-लाल रंगांत बघत बसतात. घरात तिचं नाव आहे 'गोळा'. नाव ताईंनी ठेवलं. ताई म्हणजे साडूभाऊंची बायको, माझी थोरली मेहुणी. "मले लेकरू एक, अन् यायले गोळा एक," असं त्या पाहुण्यांना सांगतात. लेक पुण्याला नोकरीला लागला. गोळा घरीच राहिला.

या गोळ्यातली गोम काय आहे, ती मला अनेक उन्हाळ्यांनंतर समजली. खरं लोखंड पृथ्वीच्या पोटात पाण्यासारखं पातळ असतं. संगणकात ते तसं धरलं तर भोवऱ्यात भोवरे, त्या भोवऱ्यांत आणखी भोवरे, आणि हिशेब काही केल्या संपत नाही. म्हणून जगातले सगळे विद्वान लोखंड घट्ट धरतात. "पृथ्वीचं लोखंड पान्यावानी, न आमचं काकवीवानी," साडूभाऊ सांगतात. "मोठमोठ्या देशायतल्या मोठमोठ्या मशिनीवर पण काकवीच हाय. फक्त त्यायची काकवी जरा पातळ, न माझी लय घट्ट." ती काकवी आपल्या कुवतीत होईल तेवढी पातळ करत न्यायची आणि तरीही गोळ्याचं चुंबकत्व टिकवून दाखवायचं, हा त्यांचा तरुणपणापासूनचा ध्यास. टिकणं म्हणजे काय, याचंही त्यांच्याकडे पक्कं माप आहे. कोणतंही चुंबकत्व घुसळण थांबली की काही काळाने आपोआप विझतं. त्या विझण्याच्या काळाच्या कितीतरी पट पुढे गेलं, तर समजायचं की हे आता स्वतःच्या पायावर उभं आहे. काकवी घट्ट होती तोवर गोळा टिकायचा. जरा पातळ केली, की विझायचा. विझला की साडूभाऊ दोन दिवस जेवताना बोलत नसत. तिसऱ्या दिवशी म्हणत, "पृथ्वीले जमून राहिलं, तिले कोनतं कॉलेज होतं? होईन." आणि नव्याने सुरू करत.

नव्याने सुरू करताना गोळ्यात नखभर चुंबकत्व आपण होऊन घालावं लागतं. लोखंड कितीही घुसळा, अगदी शून्यातून चुंबक होत नाही. पण नखभर मिळालं, की पीळ त्याला ताणतो, दुमडतो, वाढवतो, आणि मग ते स्वतःला पोसत राहतं. ही गोष्ट साडूभाऊ एकदा मला जेवणाच्या पाटावर समजावत होते. मला समजत नव्हती. ताई ताक वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हनजे विरजण लावते ना, तसं." साडूभाऊंचा हात वाटीवरच थांबला. इतकी वर्षं पोरांना फळ्यावर शिकवून जे गळी उतरलं नाही, ते ताकाच्या भांड्यातून आलं म्हणून ते इतके खूष झाले, की त्या दिवसापासून त्यांनी शास्त्रीय शब्द टाकून दिला आणि विरजण हाच शब्द धरला. विद्यापीठातून एक तज्ज्ञ घरी आले होते, त्यांनाही ते म्हणाले, "सर, यावेळेस विरजण जरा कमी टाकलं." तज्ज्ञांनी चहात काही कमी आहे का ते पाहिलं.

पण साडूभाऊंची अकोल्यातली कीर्ती गोळ्यामुळे नाही. ती होकायंत्रामुळे आहे. ज्या घरी जातील तिथे ते आधी होकायंत्र काढतात, चहाच्या कपाशेजारी ठेवतात, सुई थांबेपर्यंत थांबतात आणि मानेनेच 'हं' म्हणतात. आता आपल्याकडे होकायंत्र घेऊन घरात शिरणारा आणि गंभीर चेहऱ्याने 'हं' म्हणणारा माणूस कोण असतो, हे सांगायला नको. कॉलनीत बातमी पसरली, की सर वास्तू बघतात आणि काही मागत नाहीत. लोक बोलावू लागले. साडूभाऊंना वाटलं, लोकांना अखेर चुंबकत्वात रस निर्माण झाला. ते आनंदाने जात. एका ठेकेदाराने नव्या बंगल्यात स्वयंपाकघर नेमकं आग्नेयेला यावं म्हणून बांधलेली भिंत पाडून पुन्हा बांधली होती. साडूभाऊंनी मध्यभागी बसून सुई बघितली आणि प्रसन्नपणे सांगितलं, "उत्तर बराबर हाय. आज." "आज म्हणजे?" ठेकेदाराने विचारलं. "म्हनजे उत्तर काही एका जागी बसून राहत नाही. सरकून राहिली ते. लाखो वर्षायत कवा कवा पुरी उलटते पन. उत्तरेची दक्षिण होते." घरातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ठेकेदाराने नव्या भिंतीकडे पाहिलं. "मंग आमचं आग्नेय?" साडूभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तवापर्यंत भिंत टिकत नाही, काळजी करू नका." त्या वाक्याने भिंतीच्या बांधकामावरही शंका घेतली गेली आहे, हे त्यांना दारातून बाहेर पडेपर्यंत कळलं नव्हतं. मंगळाचंही तेच. नात्यातल्या एका मुलीचं लग्न मंगळावर अडलं होतं. साडूभाऊ त्या बैठकीत शांतपणे म्हणाले, "मंगळाच्या पोटातला गोळा कवाच विझला. ज्याले सोताचं चुंबक सांभाळता आलं नाही, तो दुसऱ्याच्या संसाराचं काय बिघडवन?" लग्न झालं, आणि चांगलं चाललं आहे.

स्वयंपाकातली उसळण दिसली की मात्र त्यांना कशाचंच भान राहत नाही. आमच्याकडे रोडग्यांची पार्टी असते. शेतात नाहीतर देवळाच्या आवारात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजतात, शेजारी मोठ्या गंजात वरण आणि वांग्याची भाजी. अशा एका पार्टीत वरण हलवायचं काम हौसेने साडूभाऊंनी मागून घेतलं. थोड्या वेळाने मी गेलो तर पळी त्यांच्या काखेत आणि ते गंजात डोकं घालून उभे. "पाहा, पाहा, मधातून वर येऊन राहिलं, कडेनं खाली जाऊन राहिलं. किती सुंदर कप्पे पडले." मी म्हटलं, "साडूभाऊ, हलवा." ते म्हणाले, "हलवलं तर कप्पे मोडतीन ना." कप्पे मोडले नाहीत. वरण बुडाला लागलं. पन्नासेक माणसं त्या दिवशी करपलेल्या वासाचं वरण मुकाट्याने जेवली, आणि एकजण जाताना त्यांना म्हणाला, "सर, पृथ्वी तुमच्या भरोशावर नाही हे बरं हाय."

पण मी नुसता त्यांची थट्टा करायला बसलेलो नाही. एका सकाळी त्यांनी जे दाखवलं, ते मी विसरलेलो नाही. त्यांच्या समोर शकूरभाई राहतात, बर्फाचे व्यापारी. त्यांच्याकडून साडूभाऊंनी बर्फाची लादी आणवली, काचेच्या मोठ्या टाकीत पाणी भरलं, मध्ये डब्यात बर्फ ठेवला आणि ती टाकी कॉलनीच्या बागेतल्या गोल फिरत्या पाळण्याच्या बरोबर मध्यावर बसवली. "सर, लोग बरफ शरबत में डालते, तुम पृथ्वी में डाल रहे," शकूरभाई म्हणाले, पण टाकी धरायला तेच पुढे होते. सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळी पाळणा हळूहळू ढकलायला लावली. आधी पाळणा थांबलेला असताना साडूभाऊंनी पाण्यात निळीचं पाणी सोडलं. ते इकडेतिकडे पसरलं आणि सगळं पाणी गढूळ झालं. मग नवं पाणी भरून, पाळणा एका संथ गतीने बराच वेळ फिरवत ठेवून त्यांनी पुन्हा नीळ सोडली. या खेपेला ती पसरली नाही. ती तळापासून वरपर्यंत उभी राहिली. निळे पडदे, निळे खांब, एकमेकांभोवती सावकाश वळणारे. "फिरत्या पान्याले कणा असते," साडूभाऊ हळूच म्हणाले. "पृथ्वीच्या पोटात असेच खांब हायेत. लोखंडाचे." मी आयुष्यभर हवा फिरवणाऱ्या यंत्रांवर पोट भरलं, पण फिरण्यात एवढी शिस्त असते हे मला त्या सकाळी दिसलं.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. अकोल्याचा उन्हाळा काय असतो हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि भिंती संध्याकाळनंतर दिवसाचं ऊन परत करत बसतात. ताईंना रक्तदाबाचा त्रास, म्हणून मी दुकानातला सगळ्यात मोठा कूलर आणि त्यासोबत इन्व्हर्टर स्वतः टेम्पोतून अकोल्याला नेऊन बसवला. पुढच्या वेळी गेलो तर कूलर मागच्या खोलीत. तोंड संगणकांकडे. ताई बैठकीत पदराने वारा घेत मेथी निवडत बसलेल्या. मी साडूभाऊंना चांगलंच फैलावर घेतलं. ते म्हणाले, "मशीन तापली तर हिशेब चुकते. माणूस तापला तर फक्त बोलते." मी म्हटलं, "ताई तर बोलतही नाही." "म्हनूनच तर समजलं नाही," ते म्हणाले, आणि खरोखर ओशाळले. मग ठरलं, की लाईट असताना कूलर दुपारी ताईंच्या खोलीत आणि बाकी वेळ गोळ्याकडे. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर दोन्ही चालणार नाही, एकतर संगणक नाहीतर कूलर, हे मी दोघांना बसवून समजावून सांगितलं. ताई म्हणाल्या, "गोळा चालू द्या. माह्या हाती पंखा हाय." ताईंची एकच मागणी होती. सेमाडोहला जायचं, मेळघाटच्या जंगलात, थंड हवेत दोन दिवस राहायचं. "गोळा टिकला की जाऊ," असं साडूभाऊंनी कबूल केलं होतं, आणि ताई त्या दिवसाची वाट पाहत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात तो दिवस जवळ आला. काकवी साडूभाऊंनी पूर्वी कधी केली नव्हती इतकी पातळ केलेली, आणि गोळा विझत नव्हता. आठवडे गेले, महिने गेले, पडद्यावर निळं-लाल जागच्या जागी. विझण्याचा काळ उलटला, दुप्पट झाला, त्याच्याही पुढे गेला. आणखी थोडं, मग ठरवलेलं माप पूर्ण. साडूभाऊंचा आवाज फोनवर तरुण झाला होता. पुण्याहून लेक सांगे, "बाबा, एकच फाईल आहे, तिच्यावरच पुन्हा पुन्हा जतन करता. दुसरी प्रत ठेवा." त्यावर साडूभाऊंचं उत्तर ठरलेलं, "दुसरी प्रत ठेवणाऱ्याचा पहिलीवर भरोसा नसते." आम्ही नवरा-बायको मे महिन्यात अकोल्याला गेलो ते सेमाडोहच्या खोल्या कोणत्या घ्यायच्या हे ठरवायलाच.

त्या दुपारी कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. लाईट गेली, इन्व्हर्टरने संगणक धरून ठेवले, आणि त्या दिवशी अजून गोळ्याकडेच असलेला कूलर बंद पडला. ताई गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या त्या गोळा करायला गेलेल्या. बराच वेळ खाली आल्या नाहीत म्हणून माझी बायको वर गेली, आणि तिची हाक ऐकून आम्ही धावलो. ताई टाकीच्या आडोशाला बसून होत्या, चेहरा लाल, शब्द अडखळत. आम्ही त्यांना उचलून खाली आणलं. शेजारचे डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, ऊन लागलंय, कपडे ओले करा, जोराची हवा द्या, लगेच. शकूरभाई गोणपाटात बर्फ घेऊन आले. मी मागच्या खोलीकडे वळलो तर साडूभाऊ तिथे आधीच पोचले होते. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत होती. गोळा त्याच क्षणी जतन होत होता. ती पट्टी पूर्ण व्हायला काही मिनिटं लागतात, हे मला माहीत होतं, आणि अर्धवट तोडली तर जुनंही राहत नाही, हेही. मी म्हटलं, "साडूभाऊ, थांबा, जतन होऊन राहिलं." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "ते थांबन का?" म्हणाले, आणि संगणकांचा प्लग उपटला. मग एकट्याने तो अवजड कूलर ओढत ताईंच्या खाटेशी नेला, पाणी ओतलं आणि सुरू केला. कूलरचा घरघराट सुरू झाला तेव्हा ते खाटेजवळ जमिनीवर बसले आणि ताईंच्या तळपायांवर बर्फाचं फडकं फिरवू लागले. संध्याकाळी ताईंनी नीट डोळे उघडले. पहिला प्रश्न काय विचारावा? "गोळा चालू हाय का?" साडूभाऊ म्हणाले, "चालू हाय ना. त्याले काय धाड भरली." उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं.

फाईल गेली ती गेलीच. लेकाने पुण्याहून येऊन दोन दिवस खटपट केली, काही हाती लागलं नाही. साडूभाऊ त्याला म्हणाले, "जाऊ दे. तुह्या आईले सांगू नको." नंतर आम्ही भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला अकोल्याला गेलो. मागच्या खोलीत डोकावलो तर संगणकांवर जुनं लुगडं पांघरलेलं आणि प्लग तसाच खाली लोंबत. घरातलं माणूस गेल्यावर त्याची खोली अशी दिसते. आणि जेवताना ताईंनी साडूभाऊंना विचारलं, "आज गोळा कसा हाय?" साडूभाऊंनी आंबिलीचा घोट घेतला. "आज जरा सुस्त होता. दक्षिणेकडं एक भोवरा उठला, मले वाटलं आता ह्याचं काही खरं नाही. पन सावरला. टिकून हाय." ताईंनी मान डोलावली. मी साडूभाऊंकडे बघू शकत नव्हतो. नसलेल्या गोळ्याची तब्येत ते इतक्या मन लावून सांगत होते, की क्षणभर मलाच वाटलं, चालू तर नाही?

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. ताई दही लावत होत्या. मी न राहवून म्हटलं, "ताई, सेमाडोहचं काय झालं?" त्या म्हणाल्या, "हे तर रोज म्हनते, चाल, जाऊन येऊ. मीच म्हनते, आधी टिकू द्या." मग दुधाला बोट लावून बघत, माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमीच सांगितलं होतं ना, दोन्ही एका बॅटरीवर चालत नाही?" मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पडल्या पडल्या कूलरचा आवाज आला ना, तवाच समजलं मले." मी म्हटलं, "मग तुम्ही रोज काहून विचारता?" ताईंनी चमच्याच्या टोकावर थोडंसं विरजण घेतलं, दुधात सोडलं आणि झाकण ठेवलं. "नाही विचारलं तर बसून जाईन तो मानूस. विचारलं की सांगाले काहीतरी पाहिजे, म्हनून दिवसभर डोक्यात फिरवत राहते. फिरत राहिलं तर लागन कवातरी." मग भांडं उचलून त्यांनी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि मला बजावलं, "त्यायले सांगू नका, मले मालूम हाय म्हनून. लय वाईट वाटन त्यायले."

मी सांगितलं नाही. दिवाळी झाली, थंडी पडू लागली, माझ्या धंद्याचा मंदीचा काळ सुरू झाला, आणि एका दुपारी दुकानात साडूभाऊंचा फोन आला. "साडूभाऊ, इन्व्हर्टरले आणखी एक मोठी बॅटरी जोडता येते का? कूलर न मशीन दोन्ही एकदम चालली पाहिजे." मी म्हटलं, "थंडीत कूलर कशाले?" ते म्हणाले, "उन्हाळा येईनच ना. आधी लावून ठेवलेलं बरं." जरा थांबून म्हणाले, "आनि एक पेनड्राइव्ह पन पाठवजा. मोठा. दुसरी प्रत ठेवाले." मोठा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या मी त्याच आठवड्यात स्वतः नेऊन बसवल्या. ताईंनी मला विचारलं नाही की हे कशाला, आणि साडूभाऊंनीही त्यांना सांगितलं नाही. दोघांनीही माझ्यासमोर हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

आता दर रविवारी मी अमरावतीहून फोन करतो. आधी ताईंची तब्येत विचारतो, मग साडूभाऊंना म्हणतो, "गोळा कसा आहे?" थंडीमुळे पलीकडे कूलर बंद असतो, सगळं स्पष्ट ऐकू येतं. ताई मागून म्हणतात, "सांगा ना त्यायले, काल कसा सावरला ते." साडूभाऊ घसा साफ करतात आणि सांगतात. कधी उत्तरेकडचे खांब वाकलेले असतात, कधी चुंबकत्व निम्म्यावर येऊन परत चढलेलं असतं. शेवटी ते म्हणतात, "टिकून हाय." कोणता गोळा, मशीनमधला की डोक्यातला, ते मी विचारत नाही.